हात आधी, आवाज मागाहून

या सदरातून आम्ही बहुधा शिष्यवृत्तीचे अर्ज, जात पडताळणीची कागदपत्रे, भविष्य निर्वाह निधीचा हिशोब असल्या कामाच्या गोष्टी लिहितो. आज विषय जरा निराळा आहे. हौशी रेडिओ, ज्याला हॅम रेडिओ म्हणतात, आणि त्यातही मोर्सचे कडकट्ट. याचा आपल्या घरांशी काय संबंध, असे काही वाचक बंधू-भगिनींना वाटेल. संबंध आहे. शिवाय यात आमच्या हातून एक चूक झाली आहे आणि ती कबूल केल्याशिवाय आम्हांस चैन पडणार नाही.

परळला आमच्या चाळीत एक तरुण राहतो. वय २३. आजोबा १९८२ च्या संपात गिरणीतून बाहेर पडले ते पुन्हा आत गेले नाहीत. आई पहाटे चारला उठून डबे करते. पोरगा दिवसा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो आणि रात्री रेडिओ. हौशी रेडिओच्या परवान्याची पहिली पायरी, म्हणजे मर्यादित श्रेणी, त्याने केव्हाच ओलांडली होती. व्हीयू ३ ने सुरू होणारे स्वतःचे सांकेतिक नाव मिळाले तेव्हा चाळीत पेढे वाटले गेले. वरच्या, म्हणजे सर्वसाधारण श्रेणीसाठी मात्र मोर्स लागत होता. मिनिटाला ८ शब्द ऐकून लिहायचे आणि ८ शब्दांच्या गतीने पाठवायचे. (एके काळी वरच्या श्रेणीला १२ शब्द लागत, त्यामानाने हे सोपेच.) ऐकण्यात तो पास झाला. पाठवण्यात नापास.

आमच्याकडे आला तेव्हा आम्ही नेहमीचे भाषण केले. कार्यकर्त्याला भाषण करायची सवय असते. "सराव कमी पडतो आहे. रोज दोन तास बस, परिस्थितीचे रडगाणे नको," वगैरे. पोरगा आज्ञाधारक. तीन महिने रोज रात्री दोन तास बसला. आणि त्याचा हात सुधारण्याऐवजी बिघडत गेला! शेवटी एका रविवारी म्हणाला, "भाऊ, माझा हात या कामाचा नाही. क्लबातल्या एका मोठ्या माणसाचा संच वापरायला आणलाय, तो परत देऊन टाकतो."

आपल्या मुलांच्या तोंडी हे वाक्य आम्ही फार ऐकतो. गणित माझ्या डोक्याचे नाही, इंग्रजी माझ्या जिभेचे नाही. ऐकले की आमच्या पोटात कालवते. त्या दिवशीही कालवले, पण तोपर्यंत दोष पोराच्या हातात नाही हे आमच्याही ध्यानात आले नव्हते.

मोबाईल असताना हे हवे कशाला, असे विचारणाऱ्यांनी २६ जुलै २००५ आठवावा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, फोन बंद पडले, आणि आम्ही रात्रभर दादरच्या पुलाखाली उभे होतो. घरी कळवायचे कसे? दरवर्षी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर लाखो माणसे जमतात, तेव्हा हातातला मोबाईल कसा मुका होतो हे तर आपण सर्वच जाणतो. २६ डिसेंबर २००४ ला सुनामी आली तेव्हा हौशी रेडिओवाल्यांची एक तुकडी योगायोगाने पोर्ट ब्लेअरला होती. भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालच्या त्या तुकडीने अंदमानहून निरोप देण्याघेण्याचे काम केले. अशा कामात मोर्सचा एक गुण असा की बोललेले शब्द खरखरीत बुडून जातात तिथेही मोर्सचा एकच सूर वर येतो. थोड्या विजेवर, साध्या तारेवर, दूर जातो.

आता काकांची गोष्ट. लालबागला राहणारे हे काका ८४ वर्षांचे आहेत. १९६० च्या सुमारास घरोघर तार वाटणारा म्हणून खात्यात लागले, रात्री जागून मोर्स शिकले, खात्याची परीक्षा दिली आणि तारमास्तर झाले. फोर्टातल्या मोठ्या तारघरात त्यांनी नोकरी केली. देशातली तारसेवा १४ जुलै २०१३ च्या रात्री संपली. मोर्सची की तर त्याच्या पुष्कळ आधी, टेलिप्रिंटर व पुढे संगणक आले तेव्हाच, टेबलावरून उठली होती. पण काकांच्या कानातून ती गेली नाही. पोरगा संच परत देण्याच्या बेतात आहे असे आम्ही सहज बोललो, तर म्हणाले, "देण्याआधी मला एकदा बघू द्या की."

रात्री दहाला त्यांना घेऊन गेलो. खोली आपली नेहमीची, एका भिंतीपाशी आई आणि धाकटी बहीण झोपलेल्या. पोरगा लॅपटॉप, संच आणि की घेऊन कोपऱ्यात. आईची झोपमोड नको म्हणून कानात बिनतारी इयरफोन. तो की दाबू लागला. सूर फक्त त्याच्या कानात, आम्हांस नुसती कीची टक्टक. आम्ही काकांकडे पाहिले तर त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

हे नीट समजून घेण्यासारखे आहे. तारघरातल्या साउंडरला सूर नसे. की दाबली की एक टोला, सोडली की दुसरा, आणि दोन टोल्यांमधला अवकाश ऐकून तारमास्तर ठिपका की रेघ ते ओळखत. त्यामुळे काकांना सुराची गरजच नव्हती. कीच्या टक्टकीवरून ते पोराचा हात वाचत होते.

दोन मिनिटांनी डोळे उघडून म्हणाले, "बाळा, पहिलं अक्षर सुरेख येतं तुझं. तिसऱ्यापासून तू कोणाची तरी वाट बघतोस. काढ ते कानातलं. आता पाठव."

"आवाज नाही येणार मग, काका."

"नको येऊ दे. पाठव."

पोराने काढले आणि पाठवले. काका एकेक अक्षर पुटपुटत गेले आणि एकदम मोठ्याने हसले. त्याने रोमन अक्षरांत पाठवले होते, आई झोपली आहे, हळू बोला. हसण्याने आई जागी झाली ती झालीच.

हात उत्तम होता. खोटे बोलत होते ते कानातले यंत्र.

आता यामागचा हिशोब मांडतो, कारण आम्ही बी. कॉम. असल्याने तेवढेच आम्हांस जमते. जुन्या रेडिओत प्रत्येक कामाला वेगळा भाग असे, वेटोळे, कंडेन्सर, स्फटिक. नव्या पद्धतीच्या संचाला एसडीआर म्हणतात. त्यात अँटिनावर आलेली लहर दर सेकंदाला लाखो वेळा मोजतात आणि ते आकडे संगणकातल्या प्रोग्रामकडे देतात. गाळणे, सूर काढणे, आवाज वाढवणे, सगळे आकडेमोडीने होते. स्वस्त आणि मस्त. मात्र आकडेमोडीला वेळ लागतो. हापिसात कारकून प्रत्येक व्हाउचर येताक्षणी खतावत नाही, गठ्ठा साचू देतो. संगणकही आवाजाच्या आकड्यांचा गठ्ठा करतो आणि त्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० आकडे आणि गठ्ठा ४,०९६ चा, तर एक गठ्ठा भरायला ८५ मिलिसेकंद लागतात. असे दोन गठ्ठे पुढेमागे असले की १७०. त्यावर बिनतारी इयरफोन स्वतःचे आणखी अंदाजे २०० मिलिसेकंद घालतो.

आता मोर्सचे माप पाहा. ठिपका म्हणजे एक माप, रेघ तीन मापांची. अक्षराच्या आत एका मापाची फट, दोन अक्षरांत तीन, दोन शब्दांत सात. गती मोजायला एक नमुन्याचा शब्द ५० मापांचा धरतात. मिनिटाला ८ शब्द म्हणजे ४०० मापे, म्हणजे एक ठिपका १५० मिलिसेकंदांचा. आणि उशीर ३७० चा! म्हणजे पोराचा हात दुसऱ्या ठिपक्यावर असताना कानात पहिला वाजत होता. सभेत बोलताना मैदानाच्या टोकाच्या कर्ण्यातून आपलाच आवाज परत आला की कसलेल्या वक्त्याची जीभ अडखळते, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे सत्तर मीटरवरच्या कर्ण्याने २०० मिलिसेकंदांचा उशीर होतो. वक्ता निदान कर्णा लांब आहे हे पाहू शकतो. या पोराच्या तर कानातच तो दूरचा कर्णा होता, आणि आम्ही त्याला रोज दोन तास त्याखाली बसवले. असे तीन महिने.

उपाय सोपे आहेत. पहिला, वायरचा हेडफोन. मोर्ससाठी बिनतारी इयरफोन वापरूच नये, कितीही महाग असला तरी. दुसरा, आपण पाठवतो त्याचा सूर, त्याला साइडटोन म्हणतात, तो लॅपटॉपमधून न घेता जिथे की जोडली आहे तिथूनच, म्हणजे संचाच्या स्वतःच्या हेडफोनच्या खोबणीतून घ्यावा. बहुतेक संचांत ती सोय असते. मग प्रोग्राममधला साइडटोन बंद करावा, नाहीतर दोन्ही ऐकू येतात आणि गोंधळ दुप्पट होतो. तिसरा, बफर लहान करावा. ४,०९६ वरून ५१२ वर आणला की एक गठ्ठा ११ मिलिसेकंदांत भरतो, २५६ ला ५ मध्ये. फार लहान केला तर जुना लॅपटॉप मागे पडतो आणि आवाज तुटक येऊ लागतो. तसे झाले की एक पायरी वर जावे. आमच्या पोराच्या लॅपटॉपला ५१२ झेपले. उशीर आहे का हे पाहायला एक कान हेडफोनबाहेर ठेवावा आणि की टिचकावी. टक् आणि सूर वेगवेगळे ऐकू आले तर उशीर आहे.

संचात साइडटोन नसेल तर? लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, ५५५ क्रमांकाची चकती, दोन-चार रोध, कंडेन्सर आणि छोटा स्पीकर मिळतो. त्याचे सूर काढणारे यंत्र बनवायला वडापावच्या दोन-चार प्लेटांइतकाच खर्च येतो. आम्ही पोराबरोबर गेलो होतो. परतताना चौपाटीकडून आलो. तिथल्याच सी व्ह्यू इमारतीतून २७ ऑगस्ट १९४२ ला उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांचा काँग्रेस रेडिओ पहिल्यांदा बोलला होता. त्यांचा प्रक्षेपक नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याने बांधला होता, आणि जागा बदलत बदलत चाललेला हा रेडिओ १२ नोव्हेंबरच्या छाप्यात पकडला गेला. पोराला हे ठाऊक नव्हते. आम्हांलाही तारखा घरी येऊन पाहाव्या लागल्या.

असो. साइडटोन ताळ्यावर आला तशी पुढची अडचण दिसली. कान सुटला, पण हवेत काय जाते आहे? सराव चालू होता तो डमी लोडवर, म्हणजे अँटिनाऐवजी ५० ओहमचा रोध लावून, ज्यात शक्ती उष्णता होऊन जिरते. शेजारी दुसऱ्या लॅपटॉपला तीन-साडेतीन हजारांचा एसडीआर डोंगल लावून आम्ही ऐकले. पोरगा आपले नाव पाठवत होता, व्ही, यू. व्ही म्हणजे तीन ठिपके आणि एक रेघ. ऐकू येत होते यू, यू. कारण काय, तर की दाबल्यावर संच ऐकण्यातून पाठवण्यात वळायला क्षणभर घेतो, आणि तेवढ्यात पहिला ठिपका गिळला जातो. तीनाचे दोन झाले, व्हीचा यू झाला. यूयू ही सुरुवात युक्रेनला दिलेली आहे, तेव्हा परळचा माणूस एका ठिपक्यापायी युक्रेनचा झाला म्हणायचे! यासाठी संचात प्रक्षेपणाच्या विलंबाची सोय असते. ती थोडी वाढवली की संच आधी वळतो आणि मग पहिला ठिपका सोडतो.

याच्याच शेजारी ब्रेक-इन नावाची दुसरी नेमणूक आहे. हात थांबल्यावर संचाने किती वेळाने ऐकण्याकडे परत यावे, ते ती ठरवते. पूर्ण ब्रेक-इनमध्ये तो प्रत्येक ठिपक्यामधल्या फटीतही ऐकतो. पटाईतांना ते आवडते. नवशिक्याने अर्धे ब्रेक-इन घ्यावे. ८ शब्दांच्या गतीला दोन अक्षरांतली फट ४५० मिलिसेकंदांची, म्हणून विलंब अर्ध्या सेकंदाच्या थोडा वर ठेवावा. कमी ठेवला तर प्रत्येक अक्षरानंतर रिले खटखटतो आणि मन विचलित होते. गती वाढली की विलंब कमी करत जावा.

ठिपक्याच्या कडा किती तीव्र असाव्यात हेही ठरवता येते. ती वेळ ५ मिलिसेकंदांच्या आसपास बरी. फार कमी केली तर शेजारच्या लहरींवर टकटक पसरते. आपण आपलेच दार लावावे, पण असे आपटू नये की सगळी चाळ दचकेल.

आता ऐकण्याची बाजू. माणसाच्या बोलण्याला सुमारे २,४०० हर्ट्झ रुंदीची चाळणी लागते. मोर्सला ५०० पुरते, आणि एक माणूस सापडला की २५० करावी. नवशिका उत्साहाने ५० वर जातो. मग गंमत अशी की अति अरुंद चाळणी घंटेसारखी घुमू लागते, ठिपक्यांच्या शेपट्या एकमेकींना चिकटतात, आणि चाळणी जितकी अरुंद तितका उशीरही वाढतो. तेव्हा हाव नको. सुराची उंची बहुतेक संचांत ६०० ते ७०० च्या आसपास ठेवलेली असते. आपल्या कानाला जी गोड लागेल ती ठेवावी. काकांना वयामुळे उंच सूर ऐकू येत नाहीत, त्यांच्यासाठी पोरगा ती ५०० वर आणतो. मात्र समोरच्याचा सूर आपल्या साइडटोनशी जुळवूनच उत्तर द्यावे, म्हणजे आपण त्याच्याच लहरीवर येतो.

एजीसी ही आवाज आपोआप सांभाळणारी सोय आहे. तिच्यावर फार विसंबू नये. ती दोन शब्दांमधल्या शांततेत खरखर वर उचलते आणि कान थकवते. त्यापेक्षा आरएफ गेन हाताने खाली आणावा, खरखर जेमतेम ऐकू येईल इतका. मोर्स आपोआप वर तरंगतो. डोंगलवर तर गेन कमीच हवा, कारण मुंबईतल्या जोरदार केंद्रांनी तो गुदमरतो आणि नको तिथे गाणी वाजू लागतात. खरखर कमी करणारा प्रोग्रामही असतो. तो थोडासाच लावावा, जास्त लावला की ठिपक्यांचे कंगोरे पुसले जातात.

खरा शत्रू मात्र चाळच आहे. ७ मेगाहर्ट्झचा पट्टा उघडला आणि पडद्यावर एका अंतराने पांढऱ्या रेघाच रेघा. पोराने लॅपटॉप बॅटरीवर ठेवून घरचा मेन स्विच बंद केला. निम्म्या रेघा गेल्या. त्या मोबाईलच्या स्वस्त चार्जरच्या होत्या. उरलेल्या निम्म्यांचा माग काढत तो छोटा रेडिओ घेऊन गॅलरीभर फिरला, तेव्हा जिन्यातला एलईडी दिवा सापडला. तो बदलायला चाळ कमिटीची मंजुरी लागली आणि त्या बैठकीत, खरे सांगतो, रेडिओपेक्षा दिव्याच्या पैशांवर जास्त वेळ गेला. शेवटी दिवा बदलला. अँटिना म्हणजे गच्चीवरची साधी तांब्याची तार आहे, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर, मधून केबल खाली. वाळत घालायची दोरी समजून एका ताईंनी तिच्यावर गोधडी टाकली होती, ती प्रेमाने काढून घ्यावी लागली.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना दोन शब्द. परवान्याशिवाय पाठवायचे नाही, हे आधी मुलाला सांगावे. शिकण्याची सुरुवात ऐकण्यापासून करता येते. महागडा परदेशी संच पाहून दबून जाऊ नये. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी बिटएक्स नावाच्या संचाचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला, पुढे संगणकावर चालणारा एसबिटएक्सही काढला आणि त्याचा प्रोग्रामही खुला ठेवला. हुशार मूल तो वाचून शिकू शकते. शिकताना अक्षरे सावकाश ओढू नयेत. अक्षर १५ ते १८ शब्दांच्या गतीचे आणि दोन अक्षरांमधली फट लांब, अशी सवय केली तर मूल ठिपके मोजत बसत नाही, आख्खे अक्षर कानाने ओळखते. परीक्षेचे नियम बदलत असतात, अर्ज भरण्याआधी ताजे पाहून घ्यावेत.

काका आता दर गुरुवारी रात्री येतात. वायरचे दोन हेडफोन एका जोडणीवर, एक त्यांच्या कानाला, एक पोराच्या. मागच्या गुरुवारी इतका वेळ गेला की आई पहाटे चारला उठली तेव्हा दोघे जागेच होते. तिने आधी दोघांना रागे भरले आणि मग चहा टाकला.

पोराने अर्ज पुन्हा भरला आहे. फी आम्ही भरली. सराव कमी पडतो म्हणून सांगितल्याचा तो दंड समजावा.